न प्यायलेला कप

माझी बायको नेरला एक संस्था चालवायची. कोर्टात न जाता भांडणं मिटवायची. ज्यानं नुकसान केलं अन् ज्याचं झालं, दोघांना समोरासमोर बसवायचं, बोलू द्यायचं, भरपाई ठरवायची. शेवटी ज्यानं चूक केली त्यानं आपल्या हातानं चहा करायचा अन् दुसऱ्यानं तो प्यायचा. कप रिकामा झाला की प्रकरण मिटलं. हा नियम तिचाच. लोक पोलिसांना भीत नसत तेवढे तिथल्या स्टोव्हला भीत.

यंदा पोळ्याआधी ती गेली. महिनाभरातच संस्थेच्या चिटणीस बाई दारात उभ्या. शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीण, आवाज अजून वर्गातलाच.

"काका, आम्ही नवा अध्यक्ष निवडून राह्यलो. तुम्हाले यावं लागते."

"मी कायले? हार घालाले?"

त्यांनी नाव सांगितलं अन् मी खाटेवरून उठलोच. ज्यानं मागे माझा फवारणीचा पंप चोरला होता, तोच! पंप त्यानं परत दिला, भरपाई म्हणून माझ्या पराटीत, म्हणजे कपाशीत, चार दिवस फवारणीही करून दिली. मग संस्थेतच येऊन बसू लागला. बायको म्हणायची, चोराची गोष्ट चोराला लवकर समजते.

"चोराले अध्यक्ष करता? तालुक्यातली माणसं सरली काय?"

"ज्याचं प्रकरण उघडं, त्याले अध्यक्ष होता येत नाही, काका. अन् रजिस्टरात त्याचं उघडंच आहे. तुम्ही चहा प्यायलाच नाही."

खरं होतं. तेव्हा मी कप उचलून सगळ्यांसमोर खिडकीबाहेर ओतला होता. बायकोनं रजिस्टरात लिहिलं, 'कप ओतला.' नवरा म्हणून सूट नाही. घरी आल्यावर म्हणाली, "राग तुमचा आहे, ठेवा सांभाळून. पण खिडकीखाली माझा मोगरा होता."

मी गेलो ते नाही म्हणायलाच. तो स्टोव्हला पंप मारत बसला होता. केस पिकलेले.

"नाही प्यायलो तर?"

"तर नाही, काका. सतरंज्या घालतो, तसा घालत राहीन. तुमचा राग खोटा थोडीच होता."

लेकाचा विनवण्याही करीना. केल्या असत्या तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

बायको गेल्यापासून मी माझा चहा मीच करतो. त्याला चहा म्हणणं हाच एक गुन्हा आहे. इथं कप हातात आला तर गवती चहाचा वास, चेचलेलं आलं, साखर जराशी कमी. त्या स्टोव्हवर सगळ्यांना तिनंच शिकवलेलं. एक घोट घेतला अन् कप खाली ठेवला.

"भाजलं," मी म्हटलं.

फुंकर मात्र घातली नाही. मग सगळा प्यायलो. बाईंनी रजिस्टरात लिहिलं, 'कप रिकामा,' अन् तो अध्यक्ष झाला.

"अजून अर्धा दे," मी म्हटलं.

त्यानं स्टोव्ह बंद केला. "नाही, काका. एका प्रकरणाले एकच कप. दुसरा पाह्यजे असन तर मले पुन्हा पंप चोरा लागन."

"गोठ्यात आहे," मी म्हटलं. "कुलूप लावत नाही आजकाल."