लावण, खोडवा आणि लग्नाचे कपडे

बाजारपेठ कुणाच्या जिवावर चालते, हे तुम्ही कधी तुमच्या शिंप्याला विचारलंय?

जयसिंगपुरात आमचा एक शिंपी होता. नव्वदच्या दशकात आमच्या घरातले सगळे कपडे त्यानेच शिवले. मापाच्या चिठ्ठीवर तो गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसे. गावाच्या नावापुढे, ऊस नवा लावलेला असेल तर ‘लावण’ आणि तोडीनंतर पुन्हा फुटलेला असेल तर ‘खोडवा’, एवढंच लिही. ज्याचा ऊस आधी तुटणार, त्याच्या हाती पैसा आधी, म्हणून त्याचे कपडे आधी, ही त्याची रीत. माझे वडील मास्तर. आमच्या चिठ्ठीवर तो ‘बिनउसाचं’ लिहायचा आणि स्वतःच खो-खो हसायचा.

एका हंगामात उसाच्या दरासाठी आंदोलन पेटलं. ऐन लग्नसराईत आम्ही कॉलेजातले मित्र बंदची पत्रकं वाटत फिरलो. शिंप्याच्या शेजारचा कापडवाला म्हणाला, “शेतकऱ्यांच्या भांडणात आमचं काय?”

शिंप्यानं मशीन थांबवलं. “आवो शेठ, माझं मशीन काय पायानं चालतंय व्हय? उसावर चालतंय की!”

दारात दोन गिऱ्हाइकं उभी असताना त्यानं शटर ओढलं आणि पायरीवर बसून राहिला. कापडवाला थोडा वेळ पुटपुटला, मग त्याचंही शटर खाली आलं.

त्या दुपारी बाजारात पसरलेली शांतता मला अजून आठवते. तशी एकी नंतर फारशी दिसली नाही. म्हणून सांगतो, असं पत्रक घेऊन कुणी तुमच्या दुकानात आलं, तर आधी शटर ओढा. वाद नंतर घाला.