आबांच्या खिशातलं कार्ड

मार्गशीर्षातला गुरुवार, सकाळचं दूध बारामतीला पोचवून टेम्पो परतायची वेळ. हजर: सासरे, म्हणजे आमचे आबा, माझे मिस्टर, मी, आणि चहाला थांबलेले कळसचे दूधवाले. गैरहजर: नणंदेचे यजमान. त्यांची विजेवरची स्कूटर मात्र मागच्या भिंतीला हजर.

विषय एकच होता. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या नाष्टा सेंटरसमोर बसवलेलं गाड्या चार्ज करायचं मशिन ठेवायचं की महिनाअखेर परत करायचं. मशिन मी हट्टानं घेतलं होतं, बारामतीतली कारकुनीची नोकरी सोडून. ते गेलं की मी पुन्हा सकाळच्या एसटीत.

अडचण साधी होती. वीज विकली नाही तरी बिलातला मंजूर भाराचा स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो. आम्ही हिशेब धरला होता लांबच्या मोटारींचा, आणि त्या यायच्या शनिवार-रविवारी. मधले दिवस मशिन नुसतं दिवा लावून उभं. मिस्टरांनी परत करायच्या अर्जाचा विषय काढला.

समोर दूधवाल्यांचा टेम्पो उभा होता, विजेवर चालणारा. तो रोज आमच्या दारावरून जातो आणि चार्जिंगला बारामतीत रांगेत थांबतो, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, आता विचारूनच टाकू.

"भाऊ, खरं सांगा. आमच्या मशिनमध्ये काही खोट आहे का?"

त्यांनी आधी आबांकडं पाहिलं. "मशिनमदी न्हाय, वहिनी."

"मग?"

"आबा पैसे घेत न्हाईत."

मिस्टरांनी मान वर केली. दूधवाले म्हणाले, "पयल्यांदा आलो, तर मी मोबाइल काढस्तोवर आबांनी खिशातनं मालकाचं बिनपैशाचं कार्ड काढून मशिनला लावलं. दुसऱ्यांदा बी तेच. वर चहा. रोज फुकटचं घ्यायचं म्हंजी तोंड लपवून यावं लागंल. म्हणून आमी बारामतीत थांबतो. आमच्या भावाचा टेम्पो बी तितंच असतोय."

"वळखीच्या माणसाकडनं पैसं घ्यायचं?" आबा म्हणाले. "दारात आलेल्याला पाणी देतो, त्याचं घेतो का?"

"आबा, पाण्यावर माझा टेम्पो चालत न्हाय."

मिस्टर हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हंजी गिऱ्हाईक मीच पळवलं म्हणा की."

"पळवलं न्हाय, लाजवलं. तुमी पैसे घेणार असाल तर दोन्ही टेम्पो उद्यापासनं हितंच. सकाळचं दूध घातलं की संध्याकाळच्या दुधापर्यंत गाडी मोकळीच असती."

म्हणजे आमचं मशिन रिकामं असायचं तीच वेळ. मी मनात दुपार भरून टाकली आणि अर्जाचा विषय बाजूला ठेवला. आबांनी बंडीच्या खिशातून कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं.

"तूच ठेव. माझ्याजवळ असलं की हात जातोय."

दुसऱ्या दिवशी दोन्ही टेम्पो आले. पैसे मोबाइलवर जमा झाले. आबा तेवढा वेळ मुद्दाम गोठ्यात जाऊन बसले. परत आले तेव्हा चहा मात्र स्वतः घेऊन गेले, त्याला मी हरकत घेतली नाही. पुढच्या आठवड्यात कन्हेरीचा एक टेम्पो विचारत आला. एसटीचा पास मी काढला नाही. कार्ड कपाटात, साड्यांच्या खाली.

कामं बरीचशी उरकली. दराचा बोर्ड लागला, उसाच्या ट्रॉल्या मशिनपुढं लागू नयेत म्हणून दगडही रोवले. मागच्या भिंतीवरचं फुकटचं सॉकेट तेवढं बंद करायचं आहे. वायरमन दोनदा येऊन चहा पिऊन गेला. दोन्ही वेळेस त्या सॉकेटला जावईबापूंची स्कूटर चार्जिंगला लावलेली होती, आणि ती काढा म्हणून सांगायला आमच्यातलं कुणीही पुढं झालं नाही.