हंड्याच्या चोरीतलं माडगं

मुलांनो, वसंत आजोबा गेल्याचं फोनवर कळवलं तेव्हा "ते काय करायचे?" असं तुम्ही विचारलंत. मी "कोर्टात कारकून होते" एवढंच सांगितलं. तीन आठवडे मला त्या उत्तराचा राग येतो आहे... म्हणून हे लिहिते.

तुमच्या आजोबांचे ते धाकटे भाऊ, म्हणून माझे भाऊजी. मंगळवार पेठेत आम्ही एकत्र राहत होतो. संस्थान विलीन झालं आणि काही दिवसांनी त्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये जुन्या खटल्यांची छाननी निघाली. निकालपत्रं ठेवायची, साक्षीदारांच्या जबान्या जाळायच्या. भाऊजींनी दोनदा अर्ज केला, जबान्या राहू द्या म्हणून. साहेबांनी दोन्हींवर एकच शेरा मारला, 'निरुपयोगी'. निकालात असतं काय? शिक्षा झाली किंवा सुटला. माणसं काय जेवत, पाण्याला कधी जात, कुणावर का रुसत, हे सगळं जबानीत. भाऊजी हे मला तळमळून सांगत आणि मी मान डोलावत असे.

मग जेवणाच्या सुट्टीत ते जबान्या सुट्या कागदांवर मोडीत उतरवू लागले. मोडी मला येत नव्हती. संध्याकाळी ते वाचून दाखवत, मी वहीत बाळबोधीत लिहून काढत असे. एकदा गारगोटीकडच्या एका बाईची जबानी आली. खटला तांब्याच्या हंड्याच्या चोरीचा.

"मी भाकरी थापत हुतो. पीठ सरलं म्हून शेजारणीकडं गेलतो. तिच्या चुलीवर हुलग्याचं माडगं हुतं. ती म्हनली, बस की, आदी म्हातारीला वाढतो, न्हाईतर गावभर सांगत सुटंल, सून उपाशी मारती म्हून..."

वाचताना भाऊजींना हसू आवरेना. मी मात्र कॉलेजात सारांशलेखनात पहिली आलेली. मी लिहिलं: 'साक्षीदार पीठ आणण्यास शेजारी गेली असता तिने आरोपीस हंडा नेताना पाहिले.' एक ओळ, खाली लाल रेघ. सगळ्या जबान्या अशाच. आणि पसारा नको म्हणून ते सुटे कागद दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात.

कचेरीतलं सगळं जाळून झालं, तेव्हा भाऊजींनी वह्या उघडल्या.

"वहिनी, माडगं कुठं गेलं?"

"खटला हंड्याचा होता. माडग्याचा काय संबंध?"

"हंडा घेऊन काय करू मी? म्हातारी कुठाय?"

"वर्षभरात एकदा तरी वही बघायची होतीत."

"बघत हुतो की. अक्षर लई देखणं हाय तुमचं. वाचली तेवढी न्हाय."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. भांडले असते तर मी तरी चार शब्द बोलले असते. साहेबांवर चिडणं सोपं होतं, पण त्यांनी हुकुमाप्रमाणे जाळलं. मला कुणी हुकूम दिला होता? माडगं आठवलं म्हणून इथं लिहिता तरी आलं. बाकी शंभरेक माणसांचं मला काहीच आठवत नाही.

परवा त्यांची ट्रंक आवरताना कोटाच्या घडीत सात कागद सापडले. तुमच्या बाबांच्या वेळच्या बाळंतपणाला मी माहेरी गेले होते, तेव्हा उतरवलेले. मी परत आल्यावर ते कागद माझ्याकडे का आले नाहीत, ते आता कोण सांगणार? दोन्ही बाजूंनी मोडीत भरलेले आहेत. मला वाचता येत नाहीत. ते होते त्याच क्रमानं, त्याच घडीत ठेवले आहेत.