न बाधणारी सर्दी

पाळणाघरात तिला सगळे दगडमावशी म्हणत. नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. एखाद्या पोराचं अंग तापलं, नाक वाहायला लागलं की बाकीच्या बाया नकळत मागे सरत आणि ती पुढे होऊन त्याला उचलून घेई. "तुम्हाला लागेल हो," असं कुणी म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. "दगडाला काय होतंय?"

पाळणाघराच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती. पोर आजारी पडलं की आईबाप न्यायला येईपर्यंत त्याला तिथे ठेवत. चार लोखंडी खाटा, एक खुर्ची, भिंतीवर ओळीने खुंट्या. प्रत्येक खुंटीला एक टॉवेल आणि टॉवेलवर शिवलेलं चित्र, कारण पोरांना वाचता येत नव्हतं. बदक, छत्री, घोडा, किल्ली. मावशी पोरांना याच नावांनी हाक मारी. सर्दी रांगेने येते, असं ती म्हणे. बदकाकडून छत्रीकडे, छत्रीकडून घोड्याकडे, आणि घोडा बरा झाला की पुन्हा बदकाकडे. त्या खोलीला फिनेलचा आणि ओकलेल्या दुधाचा वास असे. तिचं उभं आयुष्य त्या वासात गेलं. नवरा गेला तेव्हाही ती चार दिवसांत खुर्चीवर येऊन बसली होती.

तिला स्वतःला फार तर एखादी शिंक येई, किंवा अर्धा दिवस घशात खवखव. बस्स. शिक्षण नाही, रूप नाही, गळा नाही, पण आजार आपल्याला शिवत नाही एवढी एक गोष्ट तिच्याकडे होती आणि तिचा तिला अभिमान होता.

मग नातू झाला. ओठ निळे घेऊनच आला. हृदयात जन्माचाच दोष निघाला आणि नीट डोळे उघडण्याआधीच त्याची छाती उघडावी लागली. तो वाचला. गळ्याखालून पोटापर्यंत शिवणीची एक सरळ रेघ घेऊन घरी आला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, सून चष्म्यांच्या दुकानात होती, ती रजेवर राहिली. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण साधी सर्दी झाली आणि पोर थेट ऑक्सिजनवर गेलं. बरं होऊन घरी आलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टरीण त्यांना बाजूला घेऊन बसली. तिच्याही डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"ऑपरेशनमध्ये याची थायमस काढावी लागली होती. तुम्हाला सांगितलं असेलच."

"सांगितलं असेल," मुलगा म्हणाला. "तेव्हा आम्हाला हृदयाशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं."

डॉक्टरणीने आपली मूठ स्वतःच्या छातीच्या हाडावर ठेवली. "इथे, हाडामागे, हृदयाच्या पुढ्यात एक ग्रंथी असते. लहान बाळात चांगली मोठी असते. हृदयापर्यंत पोचायचं तर ती वाटेत येते, म्हणून बरेचदा काढतात. आता तिचं काम ऐका. विषाणू आपल्या पेशीत शिरला की बाधलेली पेशी ओळखून मारणारे शिपाई लागतात. ते शिपाई या ग्रंथीत शिकतात. आपलं कोण, परकं कोण. बहुतेक नापास होतात आणि तिथेच मरतात. पास झालेले तेवढे बाहेर पडतात."

"आणि याचे?" सुनेने विचारलं.

"जन्माआधी बाहेर पडलेले काही आहेत. बहुतेक मुलांचं तेवढ्यावर निभतं. याचे कमी पडताहेत. कधीकधी ग्रंथीचा एखादा तुकडा राहिलेला असतो, तो वाढतो. रक्त तपासत राहू." मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरात कुणाचा लहान मुलांशी संबंध येतो?"

मुलगा भिंतीकडे बघू लागला. सून आपल्या चपलेकडे.

"माझा," मावशी म्हणाली. "पाळणाघरात असते मी. पण मला कधी काही होत नाही."

"आजी, तुम्हाला होत नाही म्हणजे तुमच्यापर्यंत येत नाही असं नाही. विषाणू तुमच्यातही शिरतो. तुमचं शरीर त्याला जुनं गिऱ्हाईक म्हणून ओळखतं आणि लगेच हाकलतं. तुमची एका शिंकेवर सुटका. पण तेवढ्यात तुम्ही घरी जाऊन बाळाला घेता."

मावशीने आपली मूठ स्वतःच्या छातीच्या हाडावर ठेवून बघितली. मग म्हणाली, "म्हणजे माझी ती गाठ अजून धड आहे."

"छे. तुमची कधीच आटली, तिथे आता चरबी असेल. वयाबरोबर सगळ्यांचीच आटते. तुमचे शिपाई लहानपणचे आहेत, आयुष्यभर लढून मुरलेले. याच्याकडे ते नाहीत."

घरी परतताना तिला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. जिन्यात सून म्हणाली, "आई, मी काही म्हणत नाहीये हं."

"म्हण की."

"म्हणत नाहीये म्हटलं ना."

त्या दिवसापासून मावशी पाळणाघरातच अंघोळ करून, कपडे बदलून, नाकातोंडाला फडकं बांधून घरी जाऊ लागली. स्वयंपाकीण म्हणायची, "मावशी, या वयात कुणाला भेटायला निघालात एवढं नटून?" मावशी हसायची, पण हसण्यात जीव नसे. घरी नातू हात पसरायचा. ती लांबूनच चुटक्या वाजवायची. त्याला त्या चुटक्यांचा राग येऊ लागला.

एका दुपारी छत्रीला ताप भरला. लालबुंद झालेली ती पोरगी हात वर करून मावशीसमोर उभी राहिली, आणि मावशी एक पाऊल मागे सरली. पोरीला त्याचं काही वाटलं नाही, तिने नुसता गळा काढला. पण मावशीला आपलंच पाऊल दिसलं. तिने छत्रीला उचललं आणि तिची आई येईपर्यंत खाली ठेवलं नाही. संध्याकाळी मुलाला फोन करून सांगितलं, "आज मी येत नाही. पोरीचा ताप अंगावर घेऊन बसले होते."

"मग? कुठे झोपणार?"

"इथे खाटा काय कमी आहेत?"

खाटा पोरांच्या मापाच्या होत्या. गुडघे पोटाशी घेऊन ती पडून राहिली. इथलं पोर की तिथलं, हा प्रश्न तिने कितीही उलटापालटा केला तरी त्याला तिसरी बाजू नव्हती. इथल्या पोरांना घ्यायला दुसरी कुणी मिळेल, उशिरा का होईना. सकाळी ती मोठ्या बाईंकडे गेली आणि काम सोडते म्हणाली.

"तुमच्यासारखी दुसरी कुठून आणू?" बाई म्हणाल्या.

"दगडच ना? रस्त्यात कुठेही मिळेल."

त्यानंतर काही दिवस ती घरातही फडकं बांधून होती. छत्रीची सर्दी आपल्या अंगातून उतरली असेल अशी खात्री झाल्यावर तिने ते सोडलं आणि नातवाला घेतलं. सून दुकानात जाऊ लागली. दिवस लांबलचक झाले. हात धुवायचे, खेळणी धुवायची, दारावर आलेल्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं. मुलगा खोकला की ती त्याला गॅलरीत पाठवायची. "स्वतःच्या घरात मी चोर झालोय," तो म्हणायचा. "चोर बरा," ती म्हणायची, "तो घेऊन जातो. तू आणतोस."

आणि एवढं सगळं करूनही नातवाला सर्दी झाली. कुणाकडून, ते कळलं नाही. लिफ्टमधून आली असेल, चष्म्याच्या काचेवरून आली असेल. दोन दिवस मावशी त्याच्या छातीला कान लावून बसली. त्याच्या श्वासाची घरघर आणि तिच्या स्वतःच्या कानातली घुमघुम यांतला फरक तिला कळेनासा झाला. तिसऱ्या दिवशी सासूसुना त्याला घेऊन रुग्णालयात गेल्या. ऑक्सिजन लागेल, मुक्काम पडेल म्हणून सुनेने पिशवी भरून घेतली होती.

डॉक्टरणीने छाती पुढून ऐकली, पाठीमागून ऐकली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला.

"छाती साफ आहे. सर्दी आहे."

"नुसती सर्दी?" सून म्हणाली.

"नुसती. घरी जा, नाक पुसत राहा. गेल्या वेळच्या रक्तात शिपाई थोडे वाढलेले दिसले होते. एखादा तुकडा राहिला असावा. नक्की सांगत नाही."

मावशीने पदराने चेहरा पुसला. "मग मी काम सोडलं नसतं तरी चाललं असतं?"

डॉक्टरणीने स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, टेबलावर ठेवला. "ते मला सांगता येणार नाही, आजी. कुणालाच येणार नाही."

बाहेर आल्यावर मावशी भिंतीलगतच्या बाकावर बसली. सून पिशवी आणि पोर सांभाळत उभी राहिली.

"चला ना आई. चांगलं झालं ना सगळं?"

"झालं की. पाय उचलत नाहीत गं."

सून तिच्या शेजारी टेकली. भरलेली पिशवी तिने बाकाखाली सारली. समोरून चाकाच्या खुर्च्या जात होत्या, कुणीतरी फरशी पुसत होतं, ओल्या फरशीवर पुन्हा पावलं उमटत होती. नातू शिंकला. दोघींपैकी कुणीही दचकलं नाही. दचकण्याइतकं अंगात काही उरलेलं नव्हतं.