कुंदाताईंच्या अंगातलं आयोडीन

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. सांगण्यासारखं आहे तरी काय म्हणा — कुणी मेलं नाही, घर फुटलं नाही. एका बाईला मी दोन महिने मागच्या पडवीत ठेवलं, एवढंच. तेही खरं बोलून. म्हणजे — खरं तेवढंच बोलून.

मी मुरूडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. घर आगरदांड्याला. सकाळच्या एसटीने गेले की संध्याकाळीच परत. माझी रेवा वाढली ती मोठ्या जावेच्या, कुंदाताईंच्या कडेवर. त्यांना मूलबाळ नव्हतं. रेवा जेवायची त्यांच्या हातून, झोपायची त्यांच्या कुशीत. मी उचललं की भोकाड पसरायची. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस बाई! मी हसायचे. आणि जळायचे — हो, जळायचेच, दुसरा शब्द कशाला शोधू?

मग कुंदाताईंचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं. पुढे मुंबईत त्यांना किरणोत्सारी आयोडीन दिलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे लहान मुलांना जवळ घेऊ नका, नंतर खुशाल घ्या.

दोन आठवडे झाले. रेवा पडवीच्या दाराशी ठाण मांडून बसलेली. सासूबाईंनी मला विचारलं, "तू शिकवतंस ना त्यातलं? आता न्हाय ना काय भीती?"

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी वर्गात शिकवते तसं शिकवायला लागले. या आयोडीनचा अर्धायुकाल आठ दिवस. आठ दिवसांनी निम्मं उरतं, सोळा दिवसांनी पाव, मग त्याच्या निम्मं...

"मंग संपतं कधी?"

"हिशेबाने बघाल तर कधीच शून्य होत नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. पण डॉक्टरांनी हे सगळं धरूनच दिवस सांगितले होते. आणि त्यातलं बरंचसं तर शरीरच पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटे टाकून देतं. हे मला ठाऊक होतं. का नाही बोलले? रेवा हवी होती मला. बस.

कुंदाताईंनी आपणहून ताट वेगळं केलं. पोर हाका मारायची, त्या आतून म्हणायच्या, "नको बाय, लांब ऱ्हा." तीन वर्षांचं लेकरू — किती दिवस रडणार? माझ्या कुशीत झोपायला लागली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मगच मी सांगितलं, आता या बाहेर. त्या आल्या, पण रेवा काही परत त्यांच्याकडे गेली नाही. आणि त्यांनीही पुन्हा कुणाचंच मूल उचललं नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी रेवा बाळंत होऊन लेकीला घेऊन घरी आली. कुंदाताई दारातच उभ्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "घेऊ का गं हिला? की अजून हाय अंगात थोडं?"

इतकी वर्षं!

"घ्या," मी म्हटलं, "आता काही नाही."

त्यांनी बाळ घेतलं. म्हणाल्या, "तू शिकलेली होतीस म्हणून बरं. न्हायतर माझ्या हातनं रेवाला काय झालं असतं, तर मी जगले नसते."

रेवा माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

मी म्हटलं, "असू दे, ताई."