चढावर उतरलेला काटा

गेल्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. 'किसननं बाईंच्या जीपचं इंजिन जाळलं.' हे खोटं आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते आहे.

किसनभाऊ आमची जुनी डिझेल जीप चालवतात. एका शाळेच्या बसवर त्यांचं काम जवळजवळ ठरलं होतं. तो मेसेज फिरला आणि काल शाळेतून निरोप आला, "तूर्त थांबा." या वयात दुसरं काम त्यांना कोण देणार? माझ्या गप्प बसण्यामुळे हे शाळेचं काम जाऊ नये.

तर झालं असं...

दर मंगळवारी डोंगरातल्या वाडीवरून म्हाताऱ्या माणसांना आम्ही अकोल्याला दवाखान्यात नेतो. वाडीचा रस्ता कच्चा, मध्ये एक खिंड. दुसरी गाडी तिथे चढत नाही. आमची जीप चढते, पण चढावर तापते.

किसनभाऊंची जुनी सवय... चढ संपला की गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या होज पाईपला हात लावून बघायचं. मला हे अंदाजाचं काम पसंत नव्हतं. मागच्या वर्षी मी नवा टेम्परेचर मीटर बसवून घेतला आणि त्यांना बजावलं, "आता हात लावायचा नाही. काटा सांगेल तेच खरं."

एक वहीही केली. खिंडीच्या प्रत्येक वळणावर किती तापमान, ते मी शेजारी बसून लिहायचे. मी तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं आहे... मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास.

त्या मंगळवारी मागे तीन बायका होत्या. भागाबाईंचा डोळा दाखवायचा होता आणि डोळ्यांचे डॉक्टर एक वाजता दवाखान्यातून निघतात. आम्हाला निघायलाच उशीर झालेला.

पहिल्या वळणावर ब्याण्णव. दुसऱ्यावर शहाण्णव. मी जरा सावध झाले. तिसऱ्या वळणावर काटा सरळ साठावर आला...

मला बरं वाटलं. किसनभाऊंना वाटलं नाही.

"बाई, चढाला काटा उतरत नसतो. मला वास येतोय. थांबवू का?"

"काटा साठवर आहे, किसनभाऊ. डॉक्टर निघून जातील. चला."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गिअर टाकला. मी वहीत साठ लिहिलं. पुढे 'उत्तम' असाही शेरा मारला.

खिंडीच्या माथ्याला पोचायच्या आधीच इंजिन धडधडलं आणि बंद पडलं. बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. सगळ्या बायका खाली उतरल्या. भागाबाई लांब उभ्या राहून मला म्हणाल्या, "बाई, तुमचा काटा गार म्हनतोय, आन् गाडी तर चुलीवानी पेटलीया! आता डोळा त्या काट्यालाच दाखवू का?"

बाकीच्या दोघी हसल्या. मी हसले नाही.

खालचा होज पाईप फाटला होता. पाणी वाटेतच सांडून गेलं होतं. अकोल्याच्या मेकॅनिकने गाडी ओढून नेली, इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, उघडला आणि मला समजावलं. मीटरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तो पाण्याची उष्णता मोजतो. पाणीच गेलं तर तो नुसता मोकळ्यात लटकतो, आणि काटा खाली येतो. म्हणजे इंजिन जळत असतानाच काटा सगळ्यात छान दिसतो...

हे मला कळायला हवं होतं. थर्मामीटर बीकरमधल्या पाण्याबाहेर आला की मुलांना मी ओरडायचे.

मेकॅनिककडे बघ्यांची गर्दी होती. तिथूनच तो मेसेज निघाला असणार. ड्रायव्हर म्हटलं की चूक त्याचीच, हे लोक धरूनच चालतात. मी चार दिवस ग्रुपवर काही लिहिलं नाही. लाज वाटत होती, दुसरं कारण नाही.

काल तो निरोप कळल्यावर रात्री शाळेच्या नावाने पत्र लिहिलं. आज सकाळी ते घेऊन किसनभाऊंच्या घरी गेले. त्यांचा चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. 'किसनभाऊंची यात काहीही चूक नव्हती,' या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं.

"बाई, ह्ये खोडा."

"का?"

"गाडी माज्या हातात हुती. तुमी चला म्हनाला तरी मी थांबवायला पायजे हुती. उद्या त्या बशीत पोरं बसायचीत. मी सांगितलं हुतं, एवढंच लिवा."

आतून त्यांच्या बायकोने डोकं काढलं. "आवो, बाई चांगलं लिवत्यात तर लिवू द्या की! काम नको का तुमाला?"

"काम पायजे. पन खरं लिवून मिळालं तर."

मी त्यांच्या ओट्यावर बसून पत्र पुन्हा लिहिलं. इतक्या वर्षांत माझा पेपर कुणी असा परत दिला नव्हता... आणि तो बरोबर तपासला होता.

आज सकाळी साडेनऊ वाजता किसनभाऊंच्या हातात दिलं ते असं. शाळेच्या नावाचं पत्र, एक पान, माझ्या सहीचं. त्यात लिहिलं आहे की त्यांनी धोका ओळखला, गाडी थांबवू का विचारलं, आणि मी नको म्हटलं. त्यानंतर थांबवायला हवी होती असं त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे, तेही त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे. सोबत वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स, माझ्या शेऱ्यासकट.