शब्दाला शब्द

घटस्फोटानंतर मी प्लेनोतल्या एका जपानी लाउंजमध्ये होस्टेसचं काम धरलं. पुण्यात कॉलेजात असताना जपानीच्या परीक्षा दिल्या होत्या. लग्न होऊन टेक्सासला आले आणि ती भाषा पंधरा वर्षं तशीच पडून राहिली. इथल्या कंपन्यांत तीन-चार वर्षांसाठी जपानहून मॅनेजर येतात, बायका-मुलं बहुधा तिकडेच ठेवून. ऑफिस सुटल्यावर त्यांना आपल्या भाषेत बोलायला कुणीतरी हवं असतं. माझं काम तेवढंच. गरम टॉवेल हातात द्यायचा, व्हिस्कीत बर्फ-पाणी घालायचं, ऐकायचं, गाण्याला टाळ्या वाजवायच्या. मुलगी तिच्या बाबाकडे असायची ते आठवड्यातले तीन दिवस मी तिथे जायचे.

जपानी रिवाजाप्रमाणे लाउंजच्या मालकिणीला सगळे 'मामा' म्हणत. फोनवर मी आईला सांगितलं, "मामा फार कडक आहे," तर आई म्हणाली, "आहे? अगं, मामा आहेत म्हण." मामाचे नियम दोनच होते. टेबलावर बोललेलं दाराबाहेर जायचं नाही आणि कोणत्याही पाहुण्याचा दुसऱ्यासमोर पाणउतारा होऊ द्यायचा नाही. दोन भाषांच्या मधे बसलेल्या बाईने टोचणारा शब्द गिळायचा आणि दुसरा, मऊ शब्द पुढे करायचा.

रविवारी मी इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शिकवत असे. सहा वर्षं शिकवलं. माझी मुलगीही त्याच शाळेत होती.

एका गुरुवारी मंडळाचे अध्यक्ष तीन जपानी क्लायंट्सना घेऊन लाउंजमध्ये आले. एका आयटी कंपनीत ते वरच्या जागेवर होते. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. मग रात्रभर ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले, जणू पहिल्यांदाच भेटतोय. निघताना मात्र दाराशी थांबून हळूच म्हणाले, "वहिनी, आपण एकमेकांना पाहिलंच नाही, बरं का."

"नाही पाहिलं," मी म्हटलं. मला त्यांची दयाच आली होती.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या कमिटीने मला बोलावलं. पाच जणं बसली होती, मधोमध अध्यक्ष.

"तुम्ही कुठे जॉब करता ते आमच्या कानावर आलंय," ते म्हणाले. "मी स्वतः अशा ठिकाणी कधी गेलेलो नाही, त्यामुळे तिथे काय चालतं मला माहीत नाही. पण पालक अनकम्फर्टेबल आहेत. मुलांचा प्रश्न आहे."

गेल्याच आठवड्यात या माणसाच्या ग्लासात मी चार वेळा बर्फ घातला होता. ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. मामाचा पहिला नियम मला त्या खोलीतही मोडवला नाही. आणि मोडला असता तरी कोण ऐकणार होतं? मी कधीतरी बोलेन याची त्यांना भीती होती. म्हणून मी बोलण्याआधीच त्यांनी माझ्या बोलण्याला किंमत उरू दिली नाही.

शाळेतलं माझं शिकवणं गेलं. मग मुलीचं कारपूल कॅन्सल झालं, मग गणपतीच्या नाटकातलं तिचं काम दुसरीला गेलं. "आई, व्हॉट डिड यू डू?" तिने गाडीत विचारलं. मी काही केलं नव्हतं, आणि ते बारा वर्षांच्या मुलीला समजावून सांगताही येत नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस पुन्हा लाउंजमध्ये येईल तेव्हा मी तयार असेन. आठ महिने वाट पाहिली. चूल विझली तरी निखारा राखेखाली जपावा तसा तो राग मी जपला. रोज थोडी फुंकर घालत होते.

ते आले. सोबत त्यांच्या ऑफिसातला एक मराठी सहकारी आणि आमचे एक जुने जपानी गिऱ्हाईक. हे आजोबा साठीचे, विधुर. दर आठवड्याला एकटेच यायचे आणि माझ्या चुकीच्या क्रियापदांना हसत हसत दुरुस्त करायचे. अध्यक्षांच्या कंपनीचं मोठं काँट्रॅक्ट दुसऱ्या दिवशी त्यांच्याच सहीने व्हायचं होतं, हे मला त्या टेबलावर कळलं.

अध्यक्ष मोकळे झाले होते. मी एकदा गप्प राहिले म्हणजे कायमची गप्प, असा त्यांचा हिशेब.

आजोबांनी माइक घेतला. ते नेहमी एकच जुनं गाणं म्हणत, बायकोच्या आवडीचं. सूर लागत नसे, पण डोळे मिटून म्हणत. अध्यक्ष टाळ्या वाजवत सहकाऱ्याला मराठीत म्हणाले, "म्हातारा काय रेकतोय बघ. अजून दोन पेग पाज याला, उद्या बोट ठेवू तिथे सही करेल. मार्चच्या डिलिव्हरीची डेट तर आपण पाळणारच नाही, पण याला काय कळतंय." मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "वहिनी, हे नका हं सांगू."

गाणं संपलं. आजोबा घाम पुसत बसले आणि हसून मला जपानीत विचारलं, "ते काय म्हणाले? आवडलं का त्यांना?"

'फार आवडलं' हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. शेकडो वेळा म्हटलेलं. मी ते बाजूला ठेवलं आणि अध्यक्षांचं बोलणं शब्दाला शब्द जपानीत सांगितलं. रेकणं, पेग, सही, मार्च. पदरचा एकही शब्द घातला नाही. सांगताना मला नाटकातून काढलेली माझी मुलगी दिसत होती आणि फार बरं वाटत होतं.

आजोबांनी ग्लास बाजूला सारला. मग उठले, अध्यक्षांना वाकून नमस्कार केला, "छान संध्याकाळ झाली, आभारी आहे," असं इंग्रजीत म्हणाले आणि गेले.

"काय सांगितलंत त्यांना?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही म्हणालात ते."

काँट्रॅक्टवर सही झाली नाही. महिन्याभरात अध्यक्षांना त्या कामावरून काढून कुठल्याशा बिनमहत्त्वाच्या टीमवर टाकलं, असं कानावर आलं. मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत ते उभे राहिले नाहीत.

माझी नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. मामाने दुपारी बोलावून चहा दिला. "त्या माणसाचं तू काय केलंस याच्याशी मला देणंघेणं नाही," ती म्हणाली. "पण तुझा दगड माझ्या पाहुण्याला लागला." मी मान खाली घातली, कारण ते खरं होतं. अध्यक्षांना मारायला मी त्या माणसाचं गाणं वापरलं होतं.

मिठाईचा बॉक्स घेऊन मी आजोबांच्या अपार्टमेंटवर गेले. त्यांनी दोन्ही हातांनी बॉक्स घेतला, "तुम्ही तुमचं काम केलंत," असं अतिशय अदबीने म्हणाले आणि दार लावलं. इतक्या अदबीचं, परक्या माणसाशी बोलतात तसलं जपानी ते माझ्याशी पूर्वी कधीच बोलले नव्हते. ते मला आजही लागतं.

अध्यक्ष नंतर एकदाच भेटले, इंडियन ग्रोसरीत, डाळींच्या रांगेत. बारीक झाले होते. माझी कार्ट अडवून म्हणाले, "वहिनी, वीस वर्षांचं करिअर होतं माझं. एवढं काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी सगळं सांगितलं असतं, शाळा, कारपूल, नाटक. पण आठवण करून देण्याचे कष्टही मला त्यांच्यासाठी घ्यायचे नव्हते.

"एक्स्क्यूज मी, मला तूरडाळ घ्यायचीय," मी म्हटलं.

ते बाजूला झाले.